आईभोवतीच्या ओळी

आईच्या प्रथम पुण्यस्मरणाचं पत्रक करायला डीटीपीच्या दुकानात गेलो होतो. आईचा एकटीचा फोटो नव्हताच. भावाच्या लग्नातल्या घोळक्यात ती कडेला, सगळ्यांना जागा देऊन उभी होती. ऑपरेटर सुनीताताईंनी तिला त्यातून अलगद वेगळं केलं आणि माझ्या मजकुराच्या मधोमध ठेवलं. मग तिच्या अंबाड्यावरून, खांद्यावरून, पदरावरून माउसने एक रेघ फिरवली. हात जराही अडखळला नाही. ओळी बाजूला सरकून आईभोवती वळल्या. आम्हाला जन्मात सुचलं नाही, ते अक्षरांना जमलं.

शेवटच्या दोन ओळी मात्र पानात मावेनात.

"फोटो लहान करा," मी म्हणालो.

"त्यांनी कशाला अंग चोरायचं? दोन ओळी कमी करा की."

त्या ओळींत माझं नाव आणि हुद्दा होता. मी काढायला सांगितल्या.