आज दिसले

भोकरच्या शाळेत रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी मी दिगंबरमामांचा पतंग पुसून टाकला. व्हरांड्यातल्या फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम नव्या माणसाच्या गळ्यात मारायची तिथे रीत होती. मी मराठीची, त्यातून हौशी. पदर खोचला, फळा वरपासून खालपर्यंत लख्ख पुसला आणि वळणदार अक्षरात श्रमाचा महिमा लिहून दोन पावलं मागे सरले. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "मॅडम, माझा पतंग पुसला की तुम्ही."

वळून पाहिलं, तर खांद्यावर पंचा, हातात चहाची किटली, पन्नाशी उलटलेले एक किरकोळ अंगाचे गृहस्थ. हे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. मूळचे हदगावकडचे, पण भोकरात पंचवीस-तीस वर्षं मुरलेले. हेडसरांपासून पाचवीच्या पोरींपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. फळ्याच्या तळाची एक पट्टी त्यांची होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिथे ते रोज सकाळी एक ओळ लिहीत. मी पुसलेली ओळ होती : ‘आज दिसले – मुतारीच्या भिंतीवर, तपकिरी पतंग, एक. झोपेत.’

मी ओशाळून म्हटलं, "मामा, माझं वाक्य काढते, तुमचं परत लिहा."

"ऱ्हाऊ द्या. तुमचं वाक्य उद्या लिहिलं तरी जमतंय, ते कुणीतरी आधी म्हणलेलंच आसतंय," मामा म्हणाले. "माझं आजचंच हाय." आणि माझ्या हातातला खडू घेऊन त्यांनी उरलेल्या दोन बोटं जागेत आपला पतंग पुन्हा बसवला. माझा अपमान झाला होता खरा, पण रागवावं कुठे ते सापडेना.

मामा जाऊन आता दोन वर्षं होतील. ते कसे होते हे कोणाला सांगायला लागले की माझी पंचाईत होते. त्यांच्या आयुष्यात म्हणावं असं काही घडलंच नव्हतं. त्यांनी फक्त पाहिलं. लोक रस्त्याने चालताना चपला सांभाळतात, मामा भिंती पाहत. दिव्याखालची भिंत, कुंपणाची तार, पानाची खालची बाजू. शनिवारी मारुतीच्या देवळासमोर रुईच्या माळा विकणाऱ्या बाईजवळ ते उकिडवे बसत आणि एकेक पान उलटून पाहत. पट्ट्यापट्ट्यांची अळी असलेलं पान माळेतून काढून पुन्हा झुडपावर नेऊन ठेवत. ती बाई वैतागायची. "मामा, देवाचं पान हाय ते!" मामा म्हणत, "हाव ना. देवाला दुसरं चालंल. याला दुसरं काय बी चालत न्हाई."

शाळेत खिचडी शिजायची तेव्हा कढीपत्त्याची जुडी आधी मामांच्या हातून जायची. पानावर चिमणीची शीट पडल्यासारखं काही दिसलं की आम्ही नाक मुरडायचो. मामा हसायचे. "शीट न्हाई मॅडम, फुलपाखराचं लेकरू हाय ते. तुमच्यासारख्यांनी नाक मुरडावं म्हणूनच तसं सोंग घेऊन राहिलंय."

हळूहळू मलाही नाद लागला. नांदेडहून मी रोज बसने यायची. आधी त्या तासाभरात मी पेंगायची, आता खिडकीतून डोकं बाहेर. आश्विनात सोयाबीन निघालं की ओल्या वाटेवर पिवळ्या फुलपाखरांचे थवेच्या थवे बसलेले दिसत. तूर फुलली की तिच्यावर नखाएवढी निळी. पौषात सकाळी दहापर्यंत बोरीच्या काट्यावर ऊन खात बसलेली. शाळेत पाऊल टाकताच मी मामांना गाठून सगळं धडाधडा सांगायची. मामा मन लावून ऐकत आणि फळ्यावर त्यातलं एक अक्षर लिहीत नसत. त्यांचा नियमच होता. "ऐकीव लिहायचं न्हाई. चला, दावा." आता बसच्या खिडकीतलं फुलपाखरू कुठून दाखवू? मुलींनी धावत येऊन सांगितलं तरी मामा हातातलं काम टाकून आधी जाऊन बघत. उडून गेलं असेल तर ते गेलं, फळ्यावर नाही. चैत्रात सगळीकडे कोरडं ठाक, तेव्हा ते रोज लिहीत, ‘आज काही नाही.’ मी एकदा चिडवलं, "मामा, काही नाही तर लिहिता कशाला?" तर म्हणाले, "काही न्हाई हे लिहायला बी आधी सगळीकडं पाहावं लागतंय, मॅडम."

आणि याच माणसाचे डोळे गेले.

साखर बरीच वर्षं होती. मामा म्हणायचे, "साखर हाय, पण गोडवा न्हाई," आणि चहात दोन चमचे टाकून घ्यायचे. मग नजरेसमोर काळी जाळी यायला लागली. नांदेडला दवाखान्यात नेलं, पडद्यावर रक्त उतरलंय म्हणाले, उपचार झाले. एका डोळ्याचं काहीच उरलं नाही आणि दुसऱ्याला फक्त उजेड-अंधार कळायचा. निवृत्तीला दीड वर्ष होतं. हेडसर भला माणूस, त्यांनी मामांना घंटेजवळच्या स्टुलावर बसवलं. मामा घंटा वेळेवर देत. फळ्याची खालची पट्टी मात्र रिकामी राहायला लागली. मी म्हटलं, "मामा, मी पाहते, तुम्हाला सांगते, तुम्ही सांगाल तसं लिहिते." त्यांनी मान हलवली. "ऐकीव झालं ते." मी तरी सांगत राहिले. ते ऐकत राहिले, कधी बारीकसं विचारत, "डाव्या पंखाला चीर हाय का?" पण लिहू देत नसत. त्यांच्या त्या नियमाचा मला तेव्हा मनस्वी राग यायचा.

श्रावणात एक दिवस ते म्हणाले, "मॅडम, मला माहूरला नेता का? देवीसाठी न्हाई, एक पतंग पाहायचाय."

डोळे नसलेला माणूस पाहायचाय म्हणाला, तर कोण नाही म्हणेल! रविवारी पहिल्या गाडीने आम्ही निघालो. बसमध्ये त्यांनी मला त्यांच्या बायकोबद्दल पहिल्यांदा सांगितलं. तिचं नाव कमल. लग्नाला चार वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता, म्हणून रेणुकामातेला साकडं घालायला दोघं श्रावणात माहूरला गेले होते. दर्शन करून मामा गाडी धरायला पुढे खाली उतरले. कमल मागून धापा टाकत आली आणि म्हणाली, "वर चला, कवळ्या पानावानी हिरवं, लांब दोन शेपट्यांचं फुलपाखरू बसलंय. हातभर हाय!" मामांना तेव्हा नुकताच फुलपाखरांचा नाद लागला होता, आणि असलं काही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. एवढ्या पायऱ्या पुन्हा कोण चढणार? त्यांनी तिला वेड्यात काढलं आणि गाडीत बसवलं. पुढच्या उन्हाळ्यात कावीळ होऊन ती गेली.

"मग मला कुणीतरी सांगितलं, असा पतंग आसतो म्हणून," मामा म्हणाले. "तवापासून दर श्रावणात येऊन राहिलो. एकदा दिसला की लिहीन म्हणलं, आन् कमलला सांगीन, व्हतं बाई तुझं खरं. कधीच दिसला न्हाई. आता तुम्ही पाहा."

मी पाहिलं. देवीची शपथ, मी पाहायचं काही बाकी ठेवलं नाही. दिव्यांच्या खांबांखाली, प्रसादाच्या दुकानांच्या पत्र्यांमागे, झाडांच्या बुंध्यांवर. खेळण्यांच्या दुकानदाराने तर मला "काय हरवलं ताई?" म्हणून विचारलं. दोन-चार मळकट पतंग सापडले, हिरवा एकही नाही. मामा पायरीवर बसून होते, वर तोंड करून, माझ्या पावलांचा आवाज जिकडे जाईल तिकडे मान वळवत. दुपार झाली. परतीची गाडी जवळ आली. "दिसला का?" त्यांनी विचारलं. त्यांचा तो चेहरा मला बघवला नाही.

"दिसला, मामा!" मी ओरडले.

ते धडपडत उठले. "कुठं?"

"इथेच. दिव्याखालच्या भिंतीवर."

"हात लावू नका. रंग?"

"हिरवा. कोवळ्या पानासारखा."

"शेपट्या?"

"दोन. लांब."

"बसलाय कसा?"

इतकी वर्षं त्यांच्याबरोबर फुलपाखरं पाहिली होती. मी बिनदिक्कत सांगितलं, "पंख वर मिटून."

मामा तसेच उभे राहिले. मग हात पुढे करून म्हणाले, "चला मॅडम, गाडी जाईल."

स्टँडवर चहा घेतला. मला कळून चुकलं होतं की माझं खोटं पकडलं गेलंय. शेवटी मीच म्हणाले, "मामा, चुकले मी. नव्हता तो."

"ठाव हाय," ते म्हणाले. "तो तसा बसत न्हाई. पंख आडवे पसरून बसतंय ते." त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. "मॅडम, कमल काय म्हणली व्हती आत्ता आठवलं मला. इतकी वर्षं रंगच तेवढा ध्यानात ऱ्हायला व्हता. ती म्हणली व्हती, आडवं पसरून बसलंय, वाळू घातलेल्या लुगड्यावानी. त्याच्यावरूनच म्या तिला खोटं पाडलं. म्हणलं, येडे, फुलपाखरू कधी आडवं बसतंय का? पंख मिटून बसतंय ते. थापा मारू न्हाई. गाडीतल्या लोकांसमोर म्हणलं. लोक हसले. थाप मारणारा तुमच्यावानी मारतो, मिटल्या पंखांची. तिनं पाहिलं व्हतं, मॅडम. खरंच पाहिलं व्हतं."

मी त्यांचा कप काढून घेतला. एवढा मोठा माणूस स्टँडवरच्या बाकड्यावर पंचा तोंडात कोंबून रडत होता, आणि मी शेजारी बसून होते.

"त्या दिवसानंतर तिनं मला काहीच दावलं न्हाई," मग ते म्हणाले. "आठ-धा म्हैने जगली. अंगणात बसायची. काय काय दिसलं आसंल तिला. येक शब्द बोलली न्हाई. म्या बी कधी विचारलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत पोचले तेव्हा मामा फळ्यापाशी उभे होते. माझी वाट पाहत होते. म्हणाले, "खडू द्या." एका हाताने त्यांनी फळ्याची कड चाचपली आणि दुसऱ्या हाताने लिहायला घेतलं. अक्षरं एकमेकांवर चढत होती, ओळ खाली घसरत होती. लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "समजतंय का?"

"समजतंय, मामा."

"मग मोठ्यानं वाचा. तिला वाचता येत नव्हतं."

शाळा भरायला वेळ होता. व्हरांड्यात आम्ही दोघंच. मामा हात जोडून, मान खाली घालून उभे राहिले आणि मी वाचलं : "दिसले होते – माहूरला, देवीच्या पायऱ्यांवर. हिरवा पतंग, एक. पंख पसरून. पाहणारी, कमल."

"आजूक येकदा," मामा म्हणाले. "जरा मोठ्यानं."