शाळेचा धूर

निवृत्त शिक्षकांची कॉफी दर मार्चात ग्रामभवनात होते, आणि दर वेळी तिथे बर्फाची स्पर्धा लागते. एक जण सांगतो, दार गाडलं गेलं होतं म्हणून मी वरच्या खिडकीतून वर्गात उतरलो. दुसरा सांगतो, माझ्या वेळी तर खिडकीसुद्धा नव्हती. कमरेएवढा बर्फ बोलता बोलता छातीपर्यंत चढतो आणि वॅफल संपेपर्यंत गळ्याला लागतो. बोलायला काय जातं? ज्याची जीभ लांब त्याचा बर्फ खोल.

बोर्गहिल्डबाई या खेळात कधी उतरल्या नाहीत. खरं तर लांगव्हाटन तळ्यावरच्या शाळेत त्यांनी अख्खी नोकरी काढली आणि तिथल्या हिवाळ्याशी स्पर्धा करायची कुणाची प्राज्ञा नव्हती. त्यांचं उजवं मनगट वाकडं आहे, त्यामुळे कप त्या डाव्या हातात धरतात. एखादा नवखा आग्रह करतो, "बाई, तुमचीही एखादी आठवण होऊन जाऊ दे." त्या म्हणतात, "माझ्याकडे काही नाही. तुम्ही वॅफल घ्या." शेजारी मालेना बसलेली असते. ती त्याच शाळेत बाईंकडे शिकली आणि पुढे स्वतः शिक्षिका झाली. ती बाईंच्या कपात कॉफी ओतते.

बाईंनी सांगितली नाही, म्हणून मी सांगतो. आमच्या तळ्यावर ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच ती मोठ्याने बोलत नाही.

युद्धाच्या शेवटी जर्मन सैन्य माघार घेताना आमच्याकडची घरं, गोठे, होड्या, सगळं जाळून गेलं होतं. लोक परत आले आणि मिळतील त्या फळ्यांनी नव्याने उभे राहिले. शाळा तळ्यात घुसलेल्या एका उघड्या टोकावर बांधली, म्हणजे ती सगळ्या घरांना दिसावी. टेलिफोन नव्हता. मग रीत पडली ती धुराची. बोर्गहिल्डबाई भल्या सकाळी आपल्या मावशीच्या घरून स्कीवर निघायच्या, माळ ओलांडून शाळेत पोचायच्या आणि लोखंडी शेगडी पेटवायच्या. धुराड्यातून धूर निघाला की पलीकडच्या काठावरच्या आया पोरांच्या टोप्या बांधून त्यांना गोठलेल्या तळ्यावर सोडायच्या. धूर नाही तर शाळा नाही. याच्यावर वाद नव्हता. बाई धूर काढतात म्हणजे वाट निर्धोक आहे, हे आईबापांनी डोळे मिटून मानलेलं होतं.

पलीकडच्या काठावर शेवटचं घर तोराल्फचं. बायको मेलेली, घरात तो आणि नऊ वर्षांची मालेना. तोराल्फ मासे धरायचा, घरीच बटाट्याची दारू गाळायचा आणि प्यायला की पोरीला मारायचा. उगाच गोड शब्द कशाला वापरायचे? मारायचा म्हणजे मुठीने मारायचा. एका जानेवारीत मालेना वर्गात आली तेव्हा तिला डावा हात वर करता येत नव्हता. खांद्याचं हाड मोडलेलं होतं. बाईंनी तिला स्कार्फने हात बांधून दिला आणि रविवारी प्रार्थनेनंतर, सगळा गाव बाहेर उभा असताना, तोराल्फला गाठलं.

"तोराल्फ, पुन्हा या पोरीला हात लावलास तर मी पोलीस घेऊन येईन. आणि त्याआधी मी स्वतः येईन."

लोक हसले. तोराल्फ हसला नाही. तो लाल झाला, थुंकला आणि निघून गेला. त्याने ते मनात ठेवलं, हे सगळ्यांना कळलं होतं आणि कुणी काही केलं नाही. आमच्या लोकांचा हा स्वभाव आहे. वादळात माणूस हरवला तर सगळे धावतील, पण शेजारच्या भिंतीतून रडणं ऐकू आलं तर दिव्याची वात कमी करून झोपतील.

मार्चात वादळ आलं. शाळा बंद, घरं बंद, गुरं आणि माणसं आपापल्या जागी कोंडलेली. आणि एका सकाळी वारा एकदम पडला. आभाळ निळं, तळं कोऱ्या कापडासारखं पांढरं. बाई नेहमीप्रमाणे निघाल्या. माळावर त्यांना हिमकोंबडी दिसली नाही, कोल्ह्याचा माग दिसला नाही. एक जनावर बाहेर पडलेलं नव्हतं. त्यांना ते आवडलं नाही. शाळेत पोचून त्यांनी भिंतीवरच्या वायुभारमापकावर बोट ठोकलं. काटा वर चढायच्या ऐवजी आणखी खाली घसरला.

म्हणजे वादळ संपलेलं नव्हतं. ते फक्त श्वास घेत होतं.

बाईंनी शेगडीला हात लावला नाही. थोडं बसावं, दम खावा आणि वारा सुटायच्या आत परत फिरावं, असं त्यांनी ठरवलं. तेवढ्यात दार लाथेने उघडलं आणि तोराल्फ आत आला. रात्रभर पीत बसून, सकाळी वारा पडलेला बघून तो मनातलं उट्टं काढायला निघाला होता. रागाच्या भरात हातमोजे घरी खुंटीवरच राहिले. स्कीच्या काठ्यांचे लोखंडी दांडे धरून उघड्या हातांनी अख्खं तळं ओलांडल्यावर त्याचे दोन्ही हात मेणबत्तीच्या रंगाचे झाले होते. काठ्या त्याने सोडल्या नाहीत, त्या बोटांतून आपोआप गळून पडल्या.

"तुझ्याशी हिशेब करायला आलो होतो," तो म्हणाला. "तो नंतर करू. आधी शेगडी पेटव."

"शेगडी पेटणार नाही."

"हात बघ माझे."

"बघितले. तो काटाही बघ. वादळ परत येतंय. धूर निघाला की पोरं निघतील, तुझीसुद्धा. अर्ध्या तळ्यावर त्यांना वारा गाठेल."

"बाहेर ऊन पडलंय, आणि तू मला काटे दाखवतेस?"

बाईंनी मग आमच्याकडे जे करतात तेच करायचं ठरवलं. त्यांनी कोटाची बटणं काढली, स्वेटर वर केला. "इकडे ये. हात माझ्या काखेत घाल. कातडीला कातडी लागू दे. शेगडीपेक्षा हेच चांगलं."

हे आमच्याकडे कोळी कोळ्यासाठी करतो, शत्रू शत्रूसाठीही करतो, त्यात लाजेचं काही नसतं. पण ज्या बाईने चारचौघांत आपली अब्रू काढली तिच्या काखेत हात घालून पोरासारखं उभं राहणं तोराल्फला जमेना. त्याने हात फिरवून बाईंच्या तोंडावर मारला. बधिर हाताला काही कळलं नाही, बाईंच्या ओठातून मात्र रक्त आलं. तो आपल्या हाताकडे बघत राहिला. लागलं की नाही हेच त्याला समजेना. मग त्याने दुसऱ्यांदा मारलं, जास्त जोराने.

बाई शेगडीसमोर उभ्या राहिल्या. त्याने खांद्याने त्यांना ढकललं, बूट घालून बाकावर नाचला, बाक मोडला, फळ्या पायाने शेगडीत लोटल्या. बोटं वळत नव्हती, म्हणून काडीपेटी दातांनी फोडली, काडी दातांत धरली आणि शेगडीच्या लोखंडावर तिचा गुल घासून ती पेटवली. मिशी जळाली. भूर्जाच्या सालीने झटकन पेट घेतला. बाईंनी आत हात घालून जळतं लाकूड बाहेर ओढलं, तेव्हा त्याने त्यांच्या मनगटावर पाय दिला. शेगडीच्या पायावर हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

बाईंनी डाव्या हाताने भिंतीला टेकवलेली स्की उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली. दोन दात जमिनीवर पडले. दुसरा घाव कानावर बसला आणि तो गुडघ्यावर आला. तिसऱ्या घावाची गरज नव्हती. बाईंनी तोही घातला. मग दारातला बर्फ बादलीने आणून शेगडीत ओतला. वाफ झाली, राख उडाली, आग मेली.

पण तोवर धूर वर गेला होता. थोडाच, पण वारा नव्हता, त्यामुळे सरळ काठीसारखा वर गेला.

बाई खिडकीशी गेल्या. पलीकडच्या काठावर आया दारात आलेल्या दिसत होत्या. धूर आला काय आणि थांबला काय, त्यांना काही कळेना, म्हणून त्यांनी पोरं धरून ठेवली. फक्त शेवटच्या घरात धरून ठेवणारं कुणी नव्हतं. तळ्यावर एक काळा ठिपका इकडे येत होता. आणि त्याच्या मागे, डोंगराच्या खिंडीतून, पांढरी भिंत खाली उतरत होती.

"तोराल्फ," बाई म्हणाल्या. "ऊठ. तुझी पोरगी."

तो उठला, खिडकीशी आला आणि बघितलं. त्याच्या तोंडातून रक्त गळत होतं. बाईंनी होडीच्या नांगराची लांब दोरी काढली, डाव्या हाताने आणि दातांनी त्याच्या कमरेला बांधली, दुसरं टोक दाराच्या खांबाला. तो बाहेर पडला आणि त्याच क्षणी वारा आला. खिडकी आत फुटली. पोरीला दिशा कळावी म्हणून बाई उंबऱ्यावर बसून शाळेची घंटा वाजवत राहिल्या. मोडलेला हात मांडीवर, घंटा डाव्या हातात. दोरी ताणायची, सैल पडायची, पुन्हा ताणायची. एकदा बराच वेळ ती सैल राहिली. बाईंना त्या वेळी त्याची काळजी वाटली नाही. त्यांना फक्त पोरीची काळजी वाटली.

तो गुडघ्यांवर रांगत परतला. हातांनी धरता येत नव्हतं, म्हणून मालेनाच्या कोटाची कॉलर त्याने उरल्यासुरल्या दातांत धरली होती. पोरीच्या छातीशी, कोटाच्या आत, त्याचे लोकरी हातमोजे होते.

"बाबा मोजे विसरला होता," ती म्हणाली. "मग धूर दिसला. मला वाटलं, शाळा आहे, तर जाता जाता देऊन टाकू."

मग बाईंनी शेगडी पेटवली. आता वादळात कुणाला धूर दिसणार नव्हता. मालेनाने बापाच्या हातांत मोजे चढवायचा प्रयत्न केला. ते हात लाकडासारखे होते. तोराल्फ तिच्याकडे बघून रडू लागला आणि नाक पुसायला त्याला काहीच उरलं नव्हतं. तिनेच पुसलं.

डॉक्टरने दोन्ही हातांची बोटं काढली, अंगठेसुद्धा. त्या हातांनी त्याने पुन्हा कुणाला मारलं नाही. मालेनाने त्याला भरवलं, त्याची बटणं लावली, आणि दर शरदात तो छातीला दोरी बांधून शाळेसाठी भूर्जाच्या लाकडाची घसरगाडी ओढत आणायचा. बाईंशी तो बोलला नाही. लाकूड पायाने दारापाशी रचून जायचा. गावात लोक कुजबुजायचे, की बाईंनी मुद्दाम शेगडी अडवली. हात जायलाच हवे होते त्यांना.

परवाची कॉफी संपली आणि मालेना बाईंना गाडीतून घरी सोडायला निघाली. रस्त्यावर बर्फ हटवणारा नांगर फिरून गेला होता. शाळेच्या टोकापाशी तिने गाडी थांबवली. तिथे आता कुणाची तरी सुट्टीतली झोपडी आहे, आणि तिच्या धुराड्यातून धूर निघत होता.

बाई म्हणाल्या, "तू कधी विचारलं नाहीस."

"काय?"

"लोक म्हणतात ते. मी पोरांसाठी अडवलं, की त्याच्या हातांसाठी."

"तुम्हाला माहीत आहे?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पहिल्या थपडेपर्यंत पोरांसाठीच होतं. त्यानंतरचं सांगता येत नाही. तिसरा घाव तर पोरांसाठी नव्हताच."

मालेनाने बाईंचा वाकडा हात उचलून आपल्या कोटात, काखेत धरला, कारण तो थंडीत अजून दुखतो.

"मी त्या रात्रीपासून झोपायला लागले, बाई," ती म्हणाली. आणि गाडी सुरू केली.