देवळाच्या दारातली पळी

गावच्या विहिरीला आमच्या माणसांनी हात लावायचा नसे. आई काठाशी ओंजळ धरून थांबायची. कुणीतरी वरून पाणी ओतायचं.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. स्वतःच्या कमाईने आईला क्योटो दाखवायला आणलं. तिथल्या देवळाच्या दारात दगडी कुंड होतं. बांबूची पळी उचलून हात धुवायचे, मग आत जायचं. आईने कुंडापुढे ओंजळ धरली आणि ती थांबली.

“अगं, घे की पळी.”

“माझा हात लागलेला चालंल व्हय रं ह्यांना?”

“चालतं. घे.”

मला रडू येईल असं वाटलं. काहीच आलं नाही. बागेतल्या शेवाळावरचं ऊन बघत राहिलो. माझी पदवी तिच्या ओंजळीपर्यंत पोचलीच नव्हती.

आईने हात धुतले आणि पळी मागच्या जपानी बाईपुढे धरली. बाईने ती तिच्या हातातून घेतली आणि त्याच पळीने हात धुतले.