दगडावरचं मॉस आणि दादांच्या गाठी

आमच्या घरात फिश टँक आला तो माझ्या नवऱ्याच्या हौसेने, आणि तो नीट भरून होतो न होतो तोच नवऱ्याची बदली नागपूरला झाली. हौस तिकडे गेली, टँक नाशिकरोडच्या आमच्या हॉलमध्येच राहिला. आत गोल्डफिश आणि खाली नुसती वाळू. जाताना तो सांगून गेला होता की तळाला हिरवळ लावायची, फोटोत असते तशी, गालिचासारखी. मग रोज फोनवर विचारायचा, लावली का. मी बँकेतून यायचे, कुकर लावायचे आणि लावते म्हणायचे.

त्याच्या थोडं आधी माझ्या सासऱ्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. आम्ही त्यांना दादा म्हणतो. मूळचे चांदवडकडच्या शेतकरी घरातले, पण सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेली. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजव्या हाताची बोटं मात्र ऐकेनात. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी दाबायला एक मऊ चेंडू दिला. दादांनी तो एकदा दाबला आणि टीव्हीच्या मागे ठेवून दिला. मी रोज तो काढून त्यांच्या हातात द्यायचे, ते रोज परत ठेवायचे. मी काय लहान पोर आहे का, म्हणायचे. शर्टाची बटणं मी लावायला गेले की मान दुसरीकडे वळवायचे.

एका रविवारी वैतागून मी हेअरग्रास आणलं. बारीक, गवताच्या पात्यांसारखी ही रोपं वाळूत पसरत जातात. दुकानदाराने विचारलं होतं की मासे कोणते, आणि गोल्डफिश म्हटल्यावर त्याने नको म्हणून सांगितलंही होतं. ते वाळू उकरतात आणि कोवळं काही दिसलं की खातात. पण नवऱ्याला फोटोतलंच हवं होतं. मी चिमट्याने एकेक झुबका वाळूत खोचत दुपार घालवली. सकाळी उठून बघते तर सगळं गवत पाण्यावर तरंगतंय.

दादा खुर्चीतून बघत होते. उथळ लावलंस, म्हणाले. कांद्याचं रोप कसं अंगठ्याने दाबून लावतात ते त्यांनी मला सविस्तर सांगितलं, आणि मी नको नको म्हणत असताना उठून डावा हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. त्यांनी लावलेलंही संध्याकाळपर्यंत वर आलं. मग म्हणाले, "मासे लय माजलेत."

दुकानदाराने तेव्हा मॉस दिलं. शेवाळासारखं, पण नाजूक आणि गर्द हिरवं. याला वाळू लागत नाही, आणि गोल्डफिश ते फारसं खात नाहीत. दगडावर पातळ पसरायचं, सुती दोऱ्याने गुंडाळायचं. दोरा कुजतो तोवर मॉसने दगड धरलेला असतो. जाड थर दिला तर खालचं सडतं, एवढं त्याने बजावलं. दगड शेजारी शेजारी मांडले की तोच गालिचा.

ऐकायला सोपं होतं. मी जेवणाच्या टेबलावर बसले. दगड निसरडा, मॉस ओलं, दोरा बोटांना चिकटायचा, आणि फोनच्या स्पीकरवरून नवरा नागपूरहून सूचना देत होता. एकीकडचं बांधावं तर दुसरीकडचं सुटायचं. कुकरची शिट्टी झाली तशी मी सगळं तिथेच टाकून, फोनही न बंद करता, आत गेले.

बाहेर आले तेव्हा दादा माझ्या खुर्चीत बसले होते. दगड डाव्या हाताने पोटाशी धरलेला, आणि उजव्या हाताची बोटं दोरा पकडायला धडपडत होती. दोरा सुटायचा, ते परत धरायचे. मी फोन उचलून परत आत गेले.

त्यानंतर घराची जी काय दशा झाली ती मीच जाणे. टेबल कायम ओलं. फ्रिजमध्ये मॉसची ताटली कोथिंबिरीशेजारी, आणि एकदा ते चिमूटभर वरणात पडतापडता राहिलं. दादांच्या गाठी ढिल्या असायच्या. दगड आत ठेवला की थोड्या वेळात मॉस टँकभर फिरायचं आणि फिल्टरमध्ये जाऊन अडकायचं. बँकेत जायच्या घाईत रोज फिल्टरचा स्पंज पिळून काढायचा मी. दादा पुढचा दगड घेऊन बसलेले.

शेवटी मी दुकानदाराकडून पाण्यात टिकणारा गोंद आणला. दादा झोपलेले असताना त्यांच्या दगडांवर दोऱ्याखाली थेंब थेंब लावला आणि दगड परत आत ठेवले. मॉस सुटायचं थांबलं. मला वाटलं, सुटले एकदाची. पण तो गोंद पाण्यात पांढरा पडतो, हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दारातून आत येते तर त्यांनी दगड बाहेर काढून वर्तमानपत्रावर ठेवले होते.

"हे पांढरं काय?"

मी सांगितलं.

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे, दादा? रोज फिल्टर मी धुते."

"मग तसं बोलायचं. फिल्टर मी धुईन." त्यांनी एक दगड उचलून माझ्यापुढे धरला. "माझी गाठ सुटली तर सुटू दे. कुठं ढिली राहिली ते मला कळायला नको?"

मला रागच आला. दुसऱ्या दिवसापासून फिल्टर ते धुवायला लागले. स्पंज दोन्ही हातांनी पिळायचे, पाणी फरशीवर सांडायचं, फरशी मी पुसायचे. म्हणजे माझं काम काही कमी झालं नाही. पण त्या मऊ चेंडूला जे कधी जमलं नाही, ते त्या घाणेरड्या स्पंजाला जमलं.

हळूहळू मॉस दगडांना धरायला लागलं. दोरे कुजून गेले तरी ते जागचं हललं नाही, उलट कडेने नवे कोंब फुटले. दिवाळीला नवरा आला, टँकसमोर वाकून बघितलं आणि म्हणाला की हा गालिचा नाही, गोधडी झालीय. खरंच होतं ते, कुठे उंच, कुठे खोल, मध्ये वाळूच्या चिरा. दादा त्याला म्हणाले, "तू नागपुरात लाव गालिचा." मी आत जाऊन हसून घेतलं.

आता शर्टाची बटणं ते स्वतःच लावतात. गळ्याजवळचं लागत नाही, पण मला हात लावू देत नाहीत, तसेच फिरतात. मॉस एवढं वाढलंय की कापावं लागतं, आणि कापलेलं फेकायचं नाही असा हुकूम आहे. त्याला नवे दगड हवेत. म्हणून परवा सुट्टीच्या दिवशी, मला घरी ढीगभर कपडे वाट बघत असताना, मी त्यांना गाडीतून दारणा नदीच्या काठी घेऊन गेले. ते एका जागी बसले आणि मला उन्हात फिरवत राहिले. हा गुळगुळीत आहे, तो फार मोठा, यावर दोरा बसणार नाही. मी उचललेला एकही दगड त्यांना पसंत पडला नाही.