पुरी केलेली पाटी

ऑइल पेंटचा वास आला की मुरगूडची ती शिलाईवाली बाई आठवते. कोल्हापूरच्या आमच्या मासिकाला वर्गणीदार मिळवून द्यायला मीच तिला कमिशनवर एजंट नेमलं होतं. पुढच्या खेपेला गेलो, तर पेंटर दुकानावरची 'ब्लाऊज शिवून मिळतील' ही पाटी पुसून तिथं मासिकाचं नाव रंगवत होता. "पावणं, अक्षर झ्याक आलंय की!" ती म्हणाली. मासिक बंद पडलंय, मालकानं कालच कळवलं, एवढं मी कसंबसं सांगितलं. पेंटरचा ब्रश थांबला. "तू कशाला थांबलास? पुरं कर की," ती त्याच्यावर खेकसली, "अर्धी पाटी बरी दिसत न्हाय." परवा गेलतो, तर त्याच पाटीखाली ती ब्लाऊज शिवत होती. "अजून लोक अंक मागत्यात," म्हणाली.