काटेवाल्यांची सरासरी

सरासरी अठरा. परवा अठरा, काल अठरा, आणि आज घशाला कोरड पडेपर्यंत पाय मारले तरी अठराच! काटेवाल्यांनी दाराशी सायकल टेकवली आणि हँडलवरच्या, वेग मोजणाऱ्या काडेपेटीएवढ्या मीटरकडे असं पाहिलं, की त्याच्या जागी माणूस असता तर ओशाळून इकडेतिकडे बघू लागला असता. मीटर कसला ओशाळतोय!

"पाच चौपन्न झाले," दारातूनच बायको म्हणाली. पायात चपला, खांद्याला पिशवी, तोंडावर रोजचा वैताग. "बाबांचा चहा झालाय, गोळी राहिलीय. सरका." आणि ती गल्लीच्या तोंडाशी येणाऱ्या दवाखान्याच्या बसकडे अक्षरशः धावत सुटली.

काटेवाले म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे. सव्वीस वर्षं हाच धंदा. दुकानादुकानांतले काटे त्यांच्या वर्कशॉपमध्ये येत, प्रमाण वजनं ठेवून तपासले जात. बरोबर निघाला त्याला सील, चुकीचा निघाला त्याला लाल चिठ्ठी: 'नापास'. दहा ग्रॅमची चूकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे, आणि ती सापडली की समोरच्या दुकानदाराला असं काही ऐकवत, की बिचाऱ्याला वाटावं आपण दरोडाच घातला.

हे सगळं ठीक चाललं होतं, पण दोन महिन्यांपूर्वी मालकाने वर्कशॉप गावाबाहेर हलवलं आणि सहा किलोमीटरचा रस्ता तेरा पॉइंट तीन झाला. वर्कशॉप सुटायचं पाच दहाला. बायको नर्स, संध्याकाळची ड्यूटी. तिची बस पाच पंचावन्नला, म्हणजे घर सोडायचं पाच पन्नासला. मधल्या खोलीत वडील. वर्षापूर्वी अर्धं अंग गेल्यापासून त्यांना आधाराशिवाय उठता येत नव्हतं, आणि येत नाही हे त्यांना मान्य नव्हतं. पाच मिनिटं एकटे सापडले की उठायला बघत. एकदा कपाटाच्या कोपऱ्यावर डोकं आपटून सात टाके पडले होते. तेव्हा एक माणूस आत आल्याशिवाय दुसऱ्याने बाहेर पडायचं नाही, हा घरातला नियम.

तेरा पॉइंट तीन किलोमीटर चाळीस मिनिटांत. म्हणजे ताशी वीस. आणि सायकल अठरावर फतकल मारून बसलेली.

"दोनदा बस चुकलीय माझी," बायकोने मागच्या रविवारी स्पष्टच सांगितलं. "महिनाअखेरपर्यंत बघते. नाही जमलं, तर वर्कशॉपच्या व्हॅनने यायचं. बाकीचे सगळे येतात ना?"

"व्हॅनमध्ये तो स्टोअरकीपर असतो."

"असू दे की."

"तो बोलतो गं. गाडी सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत बोलतो."

"मग दहा मिनिटं आधी सोडायला सांगा मालकाला."

"मालक सोडणार आहे होय!" काटेवाले म्हणाले. मालकाला त्यांनी विचारलं मात्र कधीच नव्हतं. विचारायचं म्हणजे आपले पाय कमी पडले हे कबूल करायचं, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते कबूल करायची त्यांची तयारी नव्हती. शिवाय ती चाळीस मिनिटं गेली तर उरलं काय? दिवसभर दुकानदारांची हुज्जत, रात्री वडिलांची उठबस. मधल्या रस्त्यावर तेवढं कोणी त्यांना काही मागत नव्हतं, काही सांगत नव्हतं. सायकल गेली असती तर ते रडले नसते, पण आतून आटले असते हे नक्की.

मग सुरू झाला जिवाचा आटापिटा. सीट दोन बोटं वर घेतली, गुडघे दुखले. चाकांत दगडासारखी हवा भरली, कंबर दुखली. पाठीवरची पिशवी वर्कशॉपच्या काट्यावर ठेवून पाहिली, चार किलो दोनशे ग्रॅम. स्टीलचा डबा जाऊन प्लास्टिकचा आला, छत्री घरी राहिली. कॅरिअर काढला, स्टँड काढला. स्टँड काढल्यावर सायकल जिथे टेकवावी तिथे आडवी होऊ लागली. एकदा मालकाच्या गाडीवर झाली. एवढं करून सरासरी किती? अठरा पॉइंट दोन. दुसऱ्या दिवशी वारा समोरून, सतरा पॉइंट नऊ. वारा सकाळी जाताना समोरून आणि संध्याकाळी येतानाही समोरूनच कसा असतो, हे काटेवाल्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवं होतं. त्याच दिवशी चढावर एक पांढऱ्या मिशांचे आजोबा, हँडलला दोन्हीकडे भाजीच्या पिशव्या लटकावून, गाणं गुणगुणत त्यांच्या पुढे निघून गेले. गुणगुणत! काटेवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"टायर जाड आहेत तुमचे," स्टोअरकीपरने अक्कल पाजळली. "ट्रॅक्टरला शोभतील. बारीक घाला."

माणूस असह्य होता, पण सल्ला खोटा नव्हता. काटेवाल्यांनी बारीक टायर घातले. पहिल्या संध्याकाळी मीटरने दाखवले एकोणीस पॉइंट सहा. चौथ्या दिवशी वीस पॉइंट एक! काटेवाले दाराशी उभे राहून एकटेच हसले. आत आले, तर स्वयंपाकघरातलं घड्याळ म्हणत होतं पाच त्रेपन्न.

आता हे काय? तेरा पॉइंट तीन किलोमीटर, ताशी वीस, चाळीस मिनिटं. पाच दहा अधिक चाळीस म्हणजे पाच पन्नास. लहान पोरालाही येणारं गणित. दुसऱ्या दिवशीही मीटर वीसच्या वर आणि घड्याळ त्रेपन्नवर. म्हणजे घड्याळ पुढे होतं! इतके दिवस आपण मर मर मरतोय आणि भिंतीवरचं हे डबडं तीन मिनिटं खातंय! खिशातला मोबाइल काढून वेळ ताडून बघणं दोन सेकंदांचं काम होतं. काटेवाल्यांनी ते केलं नाही. रविवारी बायको कपडे वाळत घालायला गच्चीत गेली, तेव्हा ते स्टुलावर चढले आणि घड्याळ तीन मिनिटं मागे केलं.

"काय करतोस रे?" दार उघडं असल्याने पलंगावरून वडिलांना दिसत होतं.

"पुढे होतं, बाबा."

"कधीपासून?" वडिलांनी विचारलं. काटेवाले स्टूल जागेवर ठेवायच्या गडबडीत होते.

सोमवारी ते घरात शिरले तेव्हा घड्याळात बरोबर पाच पन्नास. "बघ!" ते धापा टाकत म्हणाले. बायकोने घड्याळ पाहिलं, नवऱ्याचा घामेजलेला चेहरा पाहिला आणि कितीतरी दिवसांनी मोकळी हसली. "जिंकलात बाई एकदाचे," म्हणाली. त्या दिवशी तिने चपला घाईने अडकवल्या नाहीत. गोळ्या कुठल्या, कधी, हे नीट सांगितलं आणि चालत गेली.

दहा मिनिटांनी ती परत आली. बस गेली होती.

"तीन वर्षांत कधी लवकर गेला नाही तो ड्रायव्हर," ती खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाली. रिक्षा मिळवून ती पाऊण तास उशिरा पोचली. तिची वाट बघत थांबलेल्या नर्सला घरी तान्हं मूल होतं. मेट्रनने सगळ्या वॉर्डासमोर ऐकवलं. हे तिने रात्री आल्यावर सांगितलं. शेवटी म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असणार. रमतगमत गेले ना मी." काटेवाल्यांनी तिचं ताट वाढलं. मनात म्हणाले, ड्रायव्हरच लवकर गेला असेल.

मंगळवारी वर्कशॉपमध्ये एका किराणा दुकानदाराचा काटा आला. किलोमागे पन्नास ग्रॅम जास्त दाखवत होता, म्हणजे गिऱ्हाइकाला पन्नास ग्रॅम कमी.

"किती दिवस चाललंय हे?" काटेवाले कडाडले.

"लक्षातच नाही आलं हो, साहेब."

"कसं येईल? आपल्या बाजूने चुकणारा काटा कोणी तपासायला आणत नाही!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सव्वीस वर्षांत हजारदा म्हणून झालेलं. म्हणता म्हणता ते लाल चिठ्ठी लिहीत होते. 'ना' लिहून हात थांबला.

ते उठले आणि भिंतीला टेकवलेल्या सायकलीकडे गेले. मीटरमध्ये कालचं अंतर होतं चौदा. चौदा? रस्ता तेरा पॉइंट तीनचा. रस्ता काही सातशे मीटर वाढला नव्हता! त्यांनी पुढच्या टायरवर खडूची खूण केली, सायकल फरशीवर चाकाच्या एका पूर्ण फेऱ्याइतकी ढकलली आणि स्टीलच्या टेपने मोजलं. एकशे पंच्याण्णव सेंटीमीटर. मीटर नुसते फेरे मोजतो आणि त्यांना भरलेल्या आकड्याने गुणतो; तो आकडा होता दोनशे पाच. जुन्या, जाड टायरचा. टायर बारीक झाले, फेरा आखूड झाला, आणि मीटरला हे कोणी कळवलंच नव्हतं. खरी सरासरी एकोणीस. खरी वेळ पाच बावन्न, त्रेपन्न. घड्याळ पहिल्यापासून बरोबर होतं.

काटेवाल्यांनी कपाळावर हात मारून घेतला. किराणावाला घाबरून म्हणाला, "साहेब, एवढं मनाला लावून घेऊ नका, दुरुस्त करून द्या."

ते तडक मालकाकडे गेले. "जेवणाच्या सुट्टीतली दहा मिनिटं कापा, पण मला पाचला सोडा."

"बरं," मालक म्हणाला आणि पुन्हा कागदांत डोकं घातलं. एवढंच. दोन महिने, दोन गुडघे, एक कंबर, आणि उत्तर काय तर 'बरं'.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बायकोसमोर मोबाइल धरून घड्याळ तीन मिनिटं पुढे केलं आणि सगळं सांगितलं. ती ओरडेल अशी त्यांची अपेक्षा होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मला तुमचा वीसचा वेग कधी हवा होता?" ती हळूच म्हणाली. "मला पाच पन्नासला घरात माणूस हवा होता. आणि परवा मी म्हटलं माझंच चुकलं, तेव्हा तुम्ही ऐकून घेतलंत."

आतून वडील म्हणाले, "मी विचारलं होतं, कधीपासून."

तेव्हापासून काटेवाले रोज पाच चव्वेचाळीसला घरी पोचतात. सरासरी अठरा. मीटरमधला आकडा त्यांनी दुरुस्त केलाय. ते आजोबा भाजी घेऊन रोज पुढे जातात आणि काटेवाले त्यांना जाऊ देतात.

पण बायको भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाही. पूर्वी मनगटी घड्याळ ती दवाखान्यात गेल्यावरच घालायची. आता दिवसभर घालते. सासऱ्यांना आंघोळ घालतानाही काढत नाही. काटेवाले दारात येतात, ती ओल्या मनगटावरचं घड्याळ बघते, मग "आलात?" म्हणते. एकदा नापास निघालेल्या दुकानातून माल नेणारं गिऱ्हाईक किती वर्षं घरी जाऊन पुन्हा वजन करतं, हे काटेवाल्यांना चांगलं ठाऊक आहे.