बाबांचं 'छान झालंय'

आमच्या घरात स्वयंपाकाचं कौतुक करायची पद्धत नव्हती. बाबांनी काही न बोलता दुसऱ्यांदा भाजी घेतली, की आईनं काय ते ओळखायचं. एरवी बोलायला विषय पुष्कळ असत. आमटी पाणचट आहे, कोशिंबिरीला पाणी सुटलंय, पोळी वातड झालीय. उभी हयात मार्केट यार्डात गुळाचा व्यापार केलेला माणूस. ढेपेचा खडा जिभेवर ठेवून माल कुठला ते सांगणार. त्यांच्यापुढे आईच्या आमटीची काय बिशाद!

त्यामुळे पोटाचा कॅन्सर यकृतात पसरल्यानंतर एके दिवशी मऊ खिचडीचा जेमतेम अर्धा चमचा तोंडात घेऊन बाबा म्हणाले, "छान झालीय," तेव्हा आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "डॉक्टर वेगळं काही म्हणाले का? माझ्यापासून लपवू नकोस."

डॉक्टर म्हणायचं ते तिच्यासमोरच म्हणाले होते. आता शरीरच अन्न मागत नाही, बळजबरी करू नका, त्यांना वाटेल ते वाटेल तेव्हा द्या, नाहीतर नुसतं तोंड ओलं करा. रिक्षानं आम्ही वारज्याला घरी आलो. कुलूप उघडताना आई म्हणाली, "डॉक्टरांना काय जातंय सांगायला?" आणि मूग भिजत घातले.

मग कौतुकाला ऊतच आला. शिरा छान, पेज उत्तम, आंबील तर "वा!" वाट्या मात्र भरलेल्याच परत जात होत्या. मी एकदा बाबांना एकटं गाठून विचारलं. त्यांनी दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "तक्रार केली की ती दुरुस्त करून परत आणते. छान म्हटलं की घेऊन जाते."

हिशोब तसा चोख होता, पण आईच्या बाबतीत साफ चुकला. पहिली धास्ती ओसरल्यावर ती कामालाच लागली. जन्मात पहिल्यांदा कौतुक झालेली बाई थांबेल कशी? वाट्या लहान झाल्या, पण फेऱ्या वाढल्या. पावलांची चाहूल लागली की बाबा डोळे मिटून घ्यायचे, आणि आई त्यांना जाग येईपर्यंत वाटी धरून तिथंच बसायची. मला दोघांचं हसू यायचं आणि दोघांचा रागही यायचा.

एका दुपारी माझ्यादेखत आई नाचणीचं सत्त्व घेऊन आली. गुळाचं, वेलदोडा घातलेलं.

"छान झालंय," बाबा म्हणाले.

"अहो, चमचा अजून माझ्या हातात आहे."

बाबांना हसू फुटलं. हसताना खोकला आला, तो थांबेपर्यंत आईनं त्यांची पाठ चोळली. मग ते म्हणाले, "नाही गं जात. सगळं लोखंड चघळल्यासारखं लागतं. गूळसुद्धा."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"तुझं तोंड उतरतं."

"नाही खाल्लंत तर जाल हो तुम्ही!" इतके दिवस तिनं हे शब्द तोंडातून काढले नव्हते.

"खाल्लं तरी जाणारच आहे," बाबा म्हणाले. एरवी त्यांच्या बोलण्याला असायची ती धार आता नव्हती. "तू आलीस की मला वाटीच दिसते. एकदा नुसती ये ना."

आईनं वाटी माझ्या हातात दिली आणि पलंगाच्या कडेवर बसली. रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला कळेना. म्हणून बाबांनीच ते धरले.